राखणीचा काउंटर

विश्वजीत सरांनी टीव्हीवर हिरवे गोल दाखवायला सुरुवात केली, तेव्हा हर्षदा कोळपे छताच्या कोपऱ्यातल्या पालीकडं बघत होती. पाल निदान आपल्या कामात होती.

कारेगावात, एमआयडीसीच्या कुंपणाला लागून असलेल्या एका गाळ्यात ही ‘विश्वसमृद्धी कंट्रोल्स’ नावाची कंपनी. मालकाचं नाव विश्वजीत, बायकोचं समृद्धी. दोन्ही जोडून कंपनीचं बारसं झालेलं. विश्वजीतचे वडील साखर कारखान्याचे माजी संचालक आणि चुलते बाजार समितीत. या दोघांच्या ओळखीवर कंपनीच्या पेट्या शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या कंपन्यांत लागल्या होत्या. विश्वजीतला मात्र तो आपल्या दूरदृष्टीचा विजय वाटायचा आणि तसं तो दर दसऱ्याला भाषणात सांगायचा.

पेटी म्हणजे ड्रायरला, भट्टीला नाहीतर मोठ्या मिक्सरला जोडायचा लोखंडी डबा. त्यात एक छोटा कम्प्युटर. तापमान बघायचं, हीटर चालू-बंद करायचा, वजनकाट्याचे आकडे घ्यायचे, एवढं त्याचं काम. त्या कम्प्युटरचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो हर्षदानं बांधलेला. कंपनीत चौदा माणसं होती. त्यांतल्या तेरा जणांना कर्नल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि हर्षदाला त्याचं दुःख नव्हतं. उलट त्यात तिला बरंच वाटायचं.

ती निमोण्याची. वडील रखमाजी तरुणपणी मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे. पुढं कळप विकला, कांदा लावायला लागले. पोरगी शिरूरला डिप्लोमा करून पुण्यात शिकली आणि हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीत सहा वर्षं कर्नलवरच काम करत राहिली. तिथं सोळा जणांच्या टीममध्ये तिला दोन माणसं कामाची वाटली होती. त्यातलं एक सोडून गेलं, आणि मग टीमच बंद झाली. गावाकडं परत आली तेव्हा लोक मोबाइल घेऊन दारात यायला लागले. कुणाचं चार्जिंग टिकत नाही, कुणाचा सातबारा उघडत नाही. ती मोबाइल हातातही घेत नसे. “मला यातलं काही कळत न्हाई,” असं सांगायची आणि समोरचा हसत निघून गेला की त्याच्या पाठीकडं बघत राहायची.

कुणाशी ती भांडायची नाही. “बरं” म्हणायची. तिचं “बरं” ज्यानं एकदा ऐकलं तो दुसऱ्यांदा तिच्याकडं सल्ला मागायला जात नसे.

त्या सोमवारी टीव्हीसमोर उभा होता सत्यजीत. विश्वजीतचा मेहुणा, पुण्याहून आलेला. मे महिन्यात अंगात जॅकेट. त्यानं ‘परफॉर्मन्स दर्पण’ नावाची गोष्ट बनवली होती. पेटीतला प्रोसेसर किती कार्यक्षम चाललाय, ते ग्राहकाला टॅबवर हिरव्या गोलात दिसणार. दर अर्ध्या तासाला नवा आकडा.

“बेसिकली,” सत्यजीत म्हणाला, “आपण थेट हार्डवेअरकडून डेटा घेतो. मध्ये कुणी नाही.”

हर्षदानं पालीवरची नजर काढली. “मध्ये कुणी नाही म्हणजे? कर्नलकडं मागत नाही?”

“गरजच नाही. आपलं मॉड्यूल कर्नलच्या आतच चालतं. काउंटर समोरच असतात.”

तिनं शुक्रवारीच त्याचा सगळा कोड वाचला होता. पुढचं त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. “किती घेता?”

“चारी.”

“चारच आहेत.”

“म्हणून तर चारी.”

विश्वजीत हसला. त्याला हे हजरजबाबी वाटलं.

गोष्ट अशी होती. प्रोसेसरच्या पोटात मोजणीसाठी बनवलेली घरं असतात, त्यांना काउंटर म्हणतात. ठोके किती पडले, मेमरीकडं किती हेलपाटे झाले, असं एका घरात एक काहीतरी मोजता येतं. या पेटीतल्या प्रोसेसरला अशी घरं चार. त्यातलं एक हर्षदानं राखणीला दिलं होतं. ठरावीक ठोके मोजून झाले की तो काउंटर प्रोसेसरला असा टोचायचा, की हातातलं काम टाकून त्याला उठावंच लागे. उठल्यावर कर्नल बघायचा, मागच्या वेळेपासून काम पुढं सरकलंय का? सरकलं नसेल तर पेटी अडकली. मग पेटी स्वतःला बंद करून पुन्हा चालू करायची, आणि बंद होतानाच हीटरची लाइन तुटायची. उरलेली तीन घरं कुणालाही वापरता येत, पण कर्नलकडं मागून. रिकामं असलं तर लगेच, नसलं तर पाळीनं. सगळ्यांनी मागून घेतलं तर कुणाचं अडत नाही.

“सर,” ती विश्वजीतला म्हणाली, “कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं ना? हे पाळी नसताना चारी फोडून पाणी घेतायत. आणि त्यातली एक चारी राखणीची हाय.”

“फक्त एक मिनिट घेतो मी,” सत्यजीत म्हणाला. “अर्ध्या तासात एक मिनिट.”

“परत जसंच्या तसं ठेवता का?”

“रीसेट करतो.”

“रीसेट म्हणजे शून्य. शून्य म्हणजे राखणदार गेला. एका मिनिटासाठी न्हाई, पेटी परत चालू करेपर्यंत.”

सत्यजीतनं विश्वजीतकडं बघितलं. विश्वजीतनं खुर्ची मागं सरकवली. “हर्षदा, तुझी हुशारी मला मान्य आहे. पण तुला दुसऱ्याचं चांगलं काम बघवत नाही. तो ॲटिट्यूड सोड. एक तारखेला हे सगळ्या पेट्यांवर जाणार.”

“बरं,” हर्षदा म्हणाली.

जागेवर जाऊन तिनं दोघांना मेल लिहिला. पाच ओळींचा. कुठला रजिस्टर, कुठलं आरक्षण, कुठला इंटरप्ट, सगळं अचूक, आणि सगळं अशा भाषेत की त्या गाळ्यात ते कुणाला समजणार नव्हतं. ड्रायर जळेल, असं साधं वाक्य तिला लिहिता आलं असतं. ते तिनं लिहिलं नाही. ज्याला काउंटर कळत नाही त्याच्यासाठी आपण ड्रायरची भाषा का बोलायची? मेल पाठवला आणि चहा प्यायला बाहेर गेली. आपण कळवलं, एवढ्यावर तिचं काम संपलं होतं.

एक तारखेला दर्पण सगळ्या पेट्यांवर गेलं. विश्वजीतनं पेढे वाटले.

आठवड्याभरानं तिला कुरकुंभवरून फोन आला. तिथल्या एका औषधी पावडरीच्या कंपनीत चार ड्रायर होते, चारींवर यांच्या पेट्या. फोन करणारा सर्जेराव, तिथला जुना ऑपरेटर. पन्नाशीचा माणूस. आवाज असा की शेताच्या पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलतोय.

“मॅडम, तीन नंबरची पेटी आताशा आवाज करत न्हाई.”

“कसला आवाज?”

“आधी महिन्या-पंधरा दिसानं अडकायची. अडकली की आपली आपण कट्ट करायची आन् पुन्हा सुरू व्हायची. आता अडकली की नुसती बसून ऱ्हाती. स्क्रीनवरचं घड्याळबी हलत न्हाई.”

ती तेव्हा दुसऱ्याच कामात होती. ऑपरेटरांचे फोन तिला माहीत होते. स्क्रीन पुसली का, वायर लागली का, इथून सुरुवात करावी लागायची. “बंद करून चालू करा, मामा.”

“ते केलं मी. पण आवाज का येत न्हाई?”

“बंद करून चालू केलं ना? मग झालं.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. पुन्हा तेच. या वेळी तिनं स्पीकरवर ठेवला आणि टाइप करत राहिली. “व्हय मामा. बरं मामा.” सर्जेराव “ठेवतो” म्हणाला.

तिसऱ्या वेळी फोन सर्जेरावचा नव्हता, प्लांट मॅनेजरचा होता, आणि तिला नाही, विश्वजीतला आला होता. सकाळी दहाच्या सुमाराला तीन नंबरची पेटी हीटर चालू असताना अडकली. हीटर चालूच राहिला. सर्जेराव दोन नंबरचा माल उतरवत होता. करपल्याचा वास आल्यावर तो धावत गेला आणि त्यानं मेन स्विच पाडला. माणूस कुणी भाजलं नाही. ड्रायरमधली सगळी पावडर मात्र गुळासारखी तांबडी झाली. दुपारी सर्जेरावच्या हातात नोटीस पडली: कामात हलगर्जीपणा.

दुसऱ्या दिवशी विश्वजीतनं हर्षदाला गाडीत घातलं. शिरूर, न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला, पाटस. सबंध रस्ताभर तो फोनवर सत्यजीतशी बोलत होता. सत्यजीतचं म्हणणं असं की दर्पणमध्ये त्या वेळचा आकडा सत्त्याण्णव टक्के आहे, म्हणजे पेटी उत्तम चालत होती, म्हणजे चूक ऑपरेटरची. विश्वजीत प्रत्येक वाक्याला “करेक्ट” म्हणत होता. हर्षदा समोरून येणारे ट्रक मोजत बसली. तिच्या मनात राग नव्हता. रागवायला समोरचा माणूस आपल्या बरोबरीचा लागतो, असं तिचं मत होतं. तिला फक्त किळस आली होती, आणि थोड्या वेळानं या दोघांची तोंडं कशी होतील ते बघायची उत्सुकता होती.

पण तिच्या डोक्यात ‘कट्ट’ हा शब्द अडकून बसला होता. राखणदार गेलाय हे तिनं कोड वाचून ओळखलं होतं. त्या माणसानं ते नुसत्या कानानं ओळखलं होतं, आणि तेही ड्रायर करपायच्या पंधरा दिवस आधी.

प्लांटच्या मीटिंग रूममध्ये एसी होता आणि सर्जेराव दाराजवळ उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. मॅनेजर सोलापूरकडचा, वाळका, कमी बोलणारा माणूस. विश्वजीतनं टॅब त्याच्यापुढं ठेवला. “सर, आमची सिस्टिम बघा. दहाचा आकडा. नाइन्टी सेव्हन परसेंट.”

“कशाचे?” मॅनेजरनं विचारलं.

“परफॉर्मन्सचे.”

“म्हणजे कशाचे?”

विश्वजीतनं फोनच्या व्हिडिओत दिसणाऱ्या सत्यजीतकडं बघितलं. सत्यजीत म्हणाला, “बेसिकली ओव्हरऑल.”

हर्षदा उठली. “सर, ती तीन नंबरची पेटी काढून इथं टेबलावर आणा. आणि एक शंभरचा बल्ब.”

“त्याची काही गरज नाही,” विश्वजीत म्हणाला.

“आणा,” मॅनेजर म्हणाला.

सर्जेरावच गेला आणि घेऊन आला. हर्षदानं हीटरच्या जागी बल्ब जोडला. बल्ब लागला. टॅबवर दर्पणचा नवा आकडा येईपर्यंत ती थांबली, मग तिनं लॅपटॉप लावला आणि पेटी मुद्दाम अडकवणारा एक छोटा प्रोग्राम चालवला. पेटीवरचं घड्याळ थांबलं. बल्ब जळत राहिला. एक मिनिट झालं, दोन झाली. टॅबवर हिरवा गोल होता, त्यात आकडा शहाण्णव.

“पेटी मेलेली हाय,” हर्षदा म्हणाली. “हा आकडा मेल्याच्या आधीचा. नवा येत न्हाई तोवर जुनाच दाखवतात. हिरवा.”

तिनं पेटी बंद करून चालू केली, सत्यजीतचं मॉड्यूल काढून टाकलं आणि तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. घड्याळ थांबलं. बल्ब जळत होता. मॅनेजर मनातल्या मनात आकडे मोजत असावा, त्याचे ओठ हलत होते. अकरा-बारा झाले असतील, पेटीतून कट्ट असा आवाज आला आणि बल्ब विझला.

“हा,” दाराजवळून सर्जेराव म्हणाला. “ह्योच आवाज.”

मग तिनं काउंटरचं सांगितलं. या वेळी मेलसारखं नाही. चार घरं, एक राखणीचं, ते कुणी न विचारता पुसलं. मॅनेजरनं एकच प्रश्न विचारला, “हे तुम्हाला आधी माहीत होतं?”

विश्वजीत पटकन म्हणाला, “नाही सर, हे आम्हाला आत्ता—”

“माहीत होतं,” हर्षदा म्हणाली. “मी सरांना सांगितलं होतं. सरांना कळेल असं सांगितलं न्हाई, पण सांगितलं होतं. आणि या मामांनी मला दोनदा फोन केला. पेटी आवाज करत न्हाई म्हणाले. मी ऐकून घेतलं न्हाई. त्यांनी त्यांचं काम केलं होतं.”

हे बोलताना ती सर्जेरावकडं बघू शकली नाही. इतकी वर्षं ती माणसांना वरून बघत आली होती. त्या दिवशी तिला तशी उंची मिळेना, आणि बरोबरीनं कसं बघतात ते तिला ठाऊक नव्हतं. ती लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिली. सर्जेरावनं बल्ब सोडवला, गार झालाय का ते बोटानं बघितलं आणि खिशात टाकला.

मॅनेजरनं तिच्याकडून हे सगळं कागदावर लिहून सही घेतली. नोटीस चार दिवसांनी मागं घेतली गेली. तांबड्या झालेल्या मालाची भरपाई विश्वसमृद्धीला करावी लागली आणि विश्वजीतनं तो राग हर्षदावर काढला. परतीच्या वाटेवर त्यानं तिला न्हावऱ्याच्या फाट्यावर उतरवून दिलं. “तुझं गाव जवळच आहे ना,” एवढंच म्हणाला. ती उतरली आणि निमोण्याला जाणाऱ्या एका छोट्या टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर बसून घरी गेली.

त्यानं तिला काढलं मात्र नाही. काढता येईना. दर्पण सगळ्या पेट्यांवर होतं आणि ते काढून दुरुस्त करायला दुसरं कुणी नव्हतं. तिनं ते पुन्हा लिहिलं. राखणीचा काउंटर पहिला, त्याला कुणी हात लावायचा नाही. दर्पणला मोजायचं असेल तर त्यानं कर्नलकडं मागायचं, उरलेल्या तिनांत पाळीनं घ्यायचं. पाळीनं मोजल्यामुळं आकडा अंदाजाचा येतो, म्हणून गोलाखाली ‘अंदाजे’ असा शब्दही घातला. पेटी बोलायची थांबली की गोल काळा पडायचा. सत्यजीतला तो ‘अंदाजे’ आवडला नाही. ग्राहकावर छाप पडत नाही म्हणाला. हर्षदा “बरं” म्हणाली आणि शब्द तसाच ठेवला. तो कसा काढायचा हे सत्यजीतला ठाऊक नव्हतं.

दोन महिने ती कंपनीच्या व्हॅननं गावोगाव फिरली. एकेक पेटी उघडायची, जुनं काढायचं, नवं घालायचं, बल्ब लावून अडकवून बघायची, आवाज आला की पुढं. कुरकुंभला ती शेवटी गेली. मुद्दामच शेवटी. सर्जेरावनं चारी पेट्या आधीच पुसून ठेवल्या होत्या.

काम झाल्यावर ती म्हणाली, “मामा, परत कधी काही वेगळं वाटलं तर फोन करा.”

“करतो की,” तो म्हणाला. “पण तुम्ही टाइप करत बोलता. ते कळतं फोनवर.”

ती ओशाळली. “मंग मला थांब म्हणा,” ती म्हणाली.

“म्हणंन.”

त्यानंतर त्यानं तीनदा फोन केला. दोनदा काहीच नव्हतं. एकदा वजनकाट्याची वायर उंदरानं खाल्ली होती. तिन्ही वेळा तिनं हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. बाकीच्यांच्या फोनला मात्र ती अजून टाइप करतच बोलते.

दिवाळीच्या आधी पुण्यात यंत्रसामग्रीचं प्रदर्शन भरलं. विश्वसमृद्धीच्या स्टॉलवर सत्यजीत जॅकेट घालून उभा होता आणि ‘दर्पण टू: आता स्मार्ट शेअरिंगसह’ असा बोर्ड लागला होता. चार घरांचं चित्रही होतं, त्यात राखणीचं घर सोनेरी. चित्रातले बाण उलटे होते. विश्वजीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, की सुरक्षेचा विचार आम्ही पहिल्या दिवसापासून केला.

एका ग्राहकानं हर्षदाला विचारलं, हे शेअरिंग नक्की कसं चालतं. नेहमीसारखं पाच अवघड शब्द तोंडावर फेकून त्याला पळवून लावावं, असं तिला फार वाटलं. मग तिनं स्टॉलच्या मागचं स्टूल ओढलं, त्याला बसायला दिलं आणि बोर्डाकडं पाठ करून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.